माळ कोणाचा, हे आधी विचारा



दोन वळीव पडून लाल मातीचा वास सुटला, की माझ्याकडं एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो. "काका, एक्सपल्स घ्यायचा विचार आहे. बेळगावजवळ चिखलात चालवायला जागा कुठं मिळेल?" कुणाला हिमालयन हवी असते. कुणाच्या घरी वडिलांची आरएक्स १०० पडून असते, आणि तिला बटन टायर घालून माळावर न्यायचा बेत ठरलेला असतो.

गाडीबद्दल मी पाच मिनिटांत बोलून मोकळा होतो. नवशिक्याला दीडशे-दोनशे सीसीची हलकी गाडी पुरते. पुढचं चाक २१ इंची असेल तर ते दगडावरून सहज चढतं. पडल्यावर एकट्याला उचलता येईल, तीच गाडी घ्यावी. जागेचं विचारलं की मात्र मी उलट प्रश्न करतो, तुला जो माळ दिसतोय तो कोणाचा आहे?

हा प्रश्न पोरांना आवडत नाही. "काका, मोकळाच तर आहे," असं उत्तर येतं. आजचा लेख या 'मोकळाच तर आहे'बद्दल आहे. आपल्याकडं या खेळाची हौस वाढते आहे, चांगल्या गाड्या सहज मिळू लागल्या आहेत, पण खेळायला जागा वाढलेली नाही. असलेली जागाही दोन रविवारच्या धिंगाण्यात कायमची जाऊ शकते.

खेळ एक, प्रकार अनेक

ऑफ-रोड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हवेत उडणारी गाडी येते. ते मोटोक्रॉस. मातीच्या बंदिस्त ट्रॅकवर, उंचवट्यांवरून, एकाच वेळी अनेक जण सुटतात. इंग्लंडमध्ये १९२४ साली सरे परगण्यात याची पहिली गाजलेली शर्यत झाली, तेव्हा तिला 'स्क्रॅम्बल' म्हणत. तोच खेळ मैदानात कृत्रिम ट्रॅक बांधून खेळला की सुपरक्रॉस. रानावनातून, ओढ्या-दगडांतून तासन्‌तास चालतं ते एन्ड्युरो. अनेक दिवस वाळवंटात नकाशाच्या आधारानं चालते ती डकारसारखी रॅली.

या सगळ्यांत कमी बोलला जाणारा प्रकार म्हणजे ट्रायल्स. यात वेगाला किंमत नाही. दगड, ओंडके, चढ आणि चिखल यांतून आखलेला छोटा टप्पा पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त टेकला की तीन. गाडी पडली किंवा टप्प्याबाहेर गेली की पाच. ज्याचे गुण कमी तो पुढं. गाडी माणसाच्या चालीनं चालते, त्यामुळं पडलं तरी मार कमी लागतो. जागा अर्धा एकर असली तरी चालते आणि आवाजही बेताचा होतो. हौशी मुलांनी सुरुवात इथून करावी, असं माझं मत आहे. क्लच, ब्रेक आणि तोल या तीन गोष्टी जितक्या इथं कळतात तितक्या सुसाट पळवून कळत नाहीत.

कायदा कुठं सुरू होतो

बऱ्याच जणांचा समज असा, की डांबर संपलं की कायदाही संपला. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'सार्वजनिक जागा' या शब्दांचा अर्थ रस्त्यापुरता नाही. लोकांना जिथं जाण्याचा हक्क आहे, ती कोणतीही जागा त्यात येते, मग ती वाहतुकीची असो वा नसो. गावाची गाडीवाट, तळ्याची पाळ, देवळामागचा माळ, सगळं आलं. न्यायालयांनीही या व्याख्येचा अर्थ अनेकदा रुंदच घेतला आहे. म्हणजे तिथं परवाना, नोंदणी, विमा आणि हेल्मेट हे सगळं हवंच.

आता शर्यतीचं. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाग घेणारा आणि घ्यायला लावणारा, दोघंही यात येतात.

पालकांनी विशेष लक्ष द्यावं असं कलम १९९अ आहे. अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवताना या कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. सोळाव्या वर्षी जी सूट आहे ती ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरती. "पोरगा फक्त माळापर्यंत नेतो" हे वाक्य त्या कलमापुढं टिकत नाही. माझं नाही आणि मला माहीत नव्हतं, हे सिद्ध करण्याचं ओझं पालकांवर असतं.

गाडीतल्या बदलांचंही तसंच. उद्यमबागेत उत्तम हात असलेले कारागीर आहेत. इंजिनाखालची संरक्षक पट्टी किंवा हँडलचे गार्ड ते असे बनवून देतात, की कंपनीनं बघत राहावं. पण सायलेन्सर मोकळा करणं, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट काढणं, हे करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला कलम ५२ मनाई करतं. कावासाकीची केएक्स किंवा सुझुकीची आरएम-झेड या तर जन्मानंच ट्रॅकच्या गाड्या. त्यांना ना दिवे, ना नोंदणी. त्या बंदिस्त जागेतच चालवायच्या आणि तिथवर छोट्या हत्तीत घालून न्यायच्या. टेम्पोचं भाडं हा या खेळाचा खर्च आहे, तो धरूनच चालावं.

रिकामं दिसतं ते रिकामं नसतं

आपल्या भागात हे समजून घेणं फार गरजेचं आहे. भात निघालं की शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडची शेतं शहरातल्या पोराला मोकळी वाटतात. पण त्याच ओलीवर मसूर पेरलेला असतो. बोटभर रोप दुचाकीवरून दिसत नाही, आणि बटन टायरची एक फेरी त्याची ओळ उखडून टाकते. बांध म्हणजे तर चढण्याचा उंचवटा नव्हेच. तो फुटला की पुढच्या पावसात पाणी शेजाऱ्याच्या शेतात जातं आणि दोन भाऊबंदांत तंटा लागतो.

खानापूरच्या पश्चिमेला गेलं की वेगळी गोष्ट. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. चोर्ला घाटात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र भेटतात, पलीकडं म्हादई अभयारण्य आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायलाच वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मनाई करतो. राखीव जंगलाला राज्याचा वन कायदा लागू होतो. गाडीवाट दिसते म्हणून ती सर्वांची, असं तिथं नसतं. सड्यावरच्या जांभ्या दगडावर पावसाळ्यात जी बोटभर फुलं येतात ती चार इंच मातीत उगवतात, आणि ती माती चाकानं एकदा निघाली की अनेक वर्षं परत येत नाही. गोव्यात जाऊन किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालण्याची हौसही कुणी करू नये. तिथं पोलीस गुन्हा नोंदवतात आणि गाडी जप्त होते.

मग उरलं काय? खासगी माळ, बंद पडलेल्या खाणीची मालकाच्या ताब्यातली जागा, पडीक कातळ. हे आपल्याकडं भरपूर आहे. फक्त मालकाला विचारावं लागतं.

मंडप घालता येतो, मग ट्रॅकही घालता येईल

परवानग्यांचं नाव काढलं की मुलं म्हणतात, "कोण फिरणार ऑफिसांतून?" मला याचं हसू येतं. हीच मुलं दर वर्षी गल्लीत अकरा दिवसांचा गणपती बसवतात. पोलीस, महापालिका, हेस्कॉम, स्पीकरची वेळ, विसर्जनाचा मार्ग, कुणाकडं कोणता कागद द्यायचा, हे त्यांना पाठ असतं. एखाद्या दिवसाचा मातीतला खेळ त्याहून अवघड नाही.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या ओळखीतल्या बावीस मुलामुलींनी ट्रायल्सचा सरावदिवस भरवला. मी कागदपत्रं बघण्यासाठी सोबत होतो. शर्यत नव्हती, घड्याळ नव्हतं, तिकीट नव्हतं. त्याची तयारी सांगतो, म्हणजे अंदाज येईल.

सगळ्यात आधी जमिनीचा उतारा काढला. ज्यांनी होकार दिला त्या गृहस्थांच्या नावावर निम्मीच जागा होती, उरलेली चुलतभावाच्या नावावर. दोघांच्या सह्या घेतल्या. मग लगतच्या तिन्ही शेतकऱ्यांना भेटलो. त्यातल्या एका आजोबांनी एकच अट घातली, की त्यांच्या म्हशी दुपारी ज्या वाटेनं पाण्यावर जातात ती वाट एक ते तीन मोकळी ठेवायची. आम्ही त्या वेळेत जेवणाची सुट्टी ठेवली. ग्रामपंचायतीला पत्र दिलं. पोलीस ठाण्यात अर्जासोबत जागेचा नकाशा, माणसांची संख्या आणि वेळ लिहून दिली. स्पीकर लावायचा तर वेगळी लेखी परवानगी लागते. आम्ही स्पीकर लावलाच नाही.

ट्रॅक आखताना तीन गोष्टी कटाक्षानं पाळल्या. गाड्या एकाच दिशेनं जाणार. बघणारे वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहणार नाहीत, कारण घसरलेली गाडी तिकडंच जाते. आणि प्रत्येक टप्प्यावर झेंडा घेऊन एक जाणता माणूस. पिवळा झेंडा दिसला की हळू, कुणाला ओलांडायचं नाही. लाल दिसला की थांबायचं. पेट्रोलचे कॅन एका बाजूला, सावलीत, जवळ आग विझवण्याचं नळकांडं. हेल्मेट, गॉगल, घोट्यावर येणारे बूट, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड नसतील तर गाडी ट्रॅकवर नाही. दोघांना या कारणानं दिवसभर नुसतं झेंडे धरून उभं राहावं लागलं.

रुग्णवाहिका

खरा वाद झाला तो रुग्णवाहिकेवरून. हळू चालवायच्या खेळाला पूर्ण दिवस रुग्णवाहिका कशाला, तालुक्याचं इस्पितळ वीस मिनिटांवर आहे, असं निम्म्या मुलांचं म्हणणं होतं. मान्यताप्राप्त स्पर्धांत नियम साधा असतो, रुग्णवाहिका जागेवर नसेल तर एकही गाडी सुटत नाही. आम्ही तोच लावला. भाडं बावीस जणांत वाटलं, आणि काहींनी नाकं मुरडून दिलं.

साडेअकराच्या सुमारास सतरा वर्षांची एक मुलगी दगडी चढावर मागं घसरली. वेग जवळजवळ शून्य. पण हँडल धरून ठेवायच्या नादात ती खांद्यावर पडली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. वडील जागेवर होते, त्यांनी आधीच संमतिपत्रावर सही केलेली होती. तिचा रक्तगट आणि औषधांची माहिती त्याच कागदावर होती. दहा मिनिटांत हात बांधून तिला गाडीत घातलं.

त्यानंतर आम्ही खेळ थांबवला. रुग्णवाहिका गेली म्हणजे लाल झेंडा. ती परत येईपर्यंत पावणेदोन तास गेले. तोवर बावीस घरांचे डबे उघडले, म्हशी पाण्यावर जाऊन आल्या. दोन-तीन मुलं कुरकुरली, अर्धा दिवस फुकट गेला म्हणाली. त्यांची चीड मला समजत होती. महिनाभर वाट पाहिलेला दिवस होता. पण तेवढ्या वेळात दुसरं कुणी पडलं असतं, आणि पाठीच्या मणक्याला लागलं असतं, तर त्याला जीपमध्ये मुडपून नेण्याची पाळी आली असती. मणक्याच्या दुखापतीत तसं उचलणं हाच मोठा धोका असतो. आयोजकाला त्या पावणेदोन तासांत 'नाही' म्हणता आलं पाहिजे. बाकी कागद कुणीही जमवेल.

ती मुलगी आता बरी आहे. आणि तिच्या वडिलांनी पुढच्या वेळी झेंडा धरायला येतो म्हणून स्वतःहून नाव दिलं आहे.

विम्याचंही त्या निमित्तानं सांगून ठेवतो. आपल्या नेहमीच्या दुचाकी पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी यांसाठी गाडी वापरली तर संरक्षण नाही, असं लिहिलेलं असतं. आरोग्य आणि अपघात विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळांबद्दल काय म्हटलं आहे ते प्रत्येकानं वाचावं, कारण शब्दाशब्दानं फरक पडतो. एजंटला तोंडी विचारू नका, लेखी विचारा.

शर्यत करायची तर

घड्याळ लावलं, बक्षीस ठेवलं, नावनोंदणीचे पैसे घेतले, की तो सराव राहत नाही, स्पर्धा होते. देशातल्या मोटार-क्रीडेचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय ही संस्था करते. १९७१ साली स्थापन झालेली, चेन्नईत मुख्यालय असलेली ही संस्था आंतरराष्ट्रीय महासंघाशी जोडलेली आहे. स्पर्धेसाठी तिच्याशी संलग्न क्लबमार्फत परवानगी काढायची, नियमपुस्तिका मंजूर करून घ्यायची, ट्रॅकची आणि गाड्यांची तपासणी करवून घ्यायची. भाग घेणाऱ्यालाही तिचा स्पर्धा-परवाना लागतो, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. लहान मुलांचे वेगळे गट असतात आणि तिथं पालकांची संमती लागते. म्हणजे ज्या मुलाला रस्त्यावर किल्ली देता येत नाही, त्याला बंदिस्त ट्रॅकवर रीतसर शिकता येतं. एक लक्षात ठेवा, परवाना असलेला चालक मान्यता नसलेल्या शर्यतीत उतरला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. गावात कुणीतरी भरवलेल्या 'ओपन' शर्यतीत हजार रुपयांसाठी उतरून करिअर घालवू नये.

आणि करिअर होतं बरं का. बेंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. त्याच शहरातल्या ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ मध्ये बाहा प्रकारात महिलांचा विश्वचषक जिंकला. केरळचा हरिथ नोहा राष्ट्रीय सुपरक्रॉसमधून वर आला आणि २०२४ च्या डकारमध्ये एकूण अकरावा येऊन रॅली-२ गटात पहिला आला. पुण्याच्या ऋग्वेद बारगुजेचं नाव सुपरक्रॉस बघणाऱ्यांना नव्यानं सांगायला नको. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा आपल्याकडूनही मुलं गाडी करून बघायला गेली होती.

कुणाला वाटेल, इतके नियम आले की मजा गेली. आपल्या बैलगाडा शर्यती आठवा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्या बंद पडल्या. राज्यांनी कायदे केले, अटी घातल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं ते कायदे मान्य केले. त्यानंतरच त्या बिनधोक सुरू झाल्या. नियमांनी तो खेळ मारला नाही, परत आणला.

आमच्या सरावदिवसाच्या संध्याकाळी मुलं निघायच्या तयारीत होती, तेव्हा जमीनमालक फेरी मारून गेले. चढावर चाकांनी वीतभर चर पडले होते. ते काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. मुलांनी गाड्या परत उतरवल्या, गावातून फावडी-घमेली मागून आणली, आणि अंधार पडेपर्यंत सगळे चर बुजवले. दगडांवर लावलेल्या फिती काढल्या, प्लॅस्टिकची पोती भरून शहरात आणली. चार दिवसांनी त्या गृहस्थांचा फोन आला. मसूर काढून झाला की शेजारच्या पट्टीतही घाला म्हणाले, भावाशी मी बोलतो.

तेव्हा पालकांनो, मुलगा किंवा मुलगी अशा कार्यक्रमाचा कागद घेऊन सहीला आली, तर चिडू नका आणि डोळे झाकून सहीही करू नका. पाच गोष्टी विचारा. जागेच्या मालकाची लेखी संमती आहे का? पोलिसांना कळवलं आहे का? रुग्णवाहिका दिवसभर जागेवर आहे का? गाडी टेम्पोनं जाणार की कोण चालवत नेणार? आणि थांबवायचा अधिकार कोणाकडं आहे, त्याचं नाव काय? पाचही उत्तरं मिळाली तर सही करा, आणि जमलं तर स्वतःही जा.

पुढचा सरावदिवस पावसाळा संपून गवत कापून झाल्यावर ठेवायचा विचार आहे. तारीख याच सदरात कळवीन. येणाऱ्यांनी हेल्मेट, गार्ड, पाण्याची बाटली आणावी. आणि दोघांत मिळून एक फावडं.